ड्रोनच्या काळात सेनानीचं काम काय उरतं?

प्रश्न असा आहे: ड्रोन, उपग्रह, कृत्रिम बुद्धिमत्ता, सायबर हल्ले हे सगळं आल्यावर लष्करी नेतृत्वाला पूर्वीइतकं महत्त्व उरलं आहे का, आणि आजच्या सैन्यांपुढचं सर्वांत मोठं आव्हान कोणतं? तरुण अधिकाऱ्याने तयारी कशी करावी, हेही विचारलं आहे. विचारणाऱ्याने सोबत स्वतःचा अंदाज दिला आहे की ज्याच्याकडे चांगली यंत्रं तो जिंकणार, बाकी सगळं दुय्यम.

मी गणवेशात बरीच वर्षं काढली आणि नंतर तरुण अधिकाऱ्यांना शिकवलं. मला हा अंदाज पटत नाही. यंत्रं विकत मिळतात. नाही मिळाली तर नक्कल करून बनवता येतात. अवघड आहेत त्या दोन गोष्टी: निर्णयाचा अधिकार खालच्या माणसापर्यंत पोहोचवणं आणि खरी बातमी वरच्या माणसापर्यंत पोहोचू देणं. सैन्याचा स्वभाव नेमका याच्या उलट असतो. अधिकार वर साचतो आणि वाईट बातमी खालीच अडकते. नव्या साधनांनी हे दुखणं बरं केलेलं नाही. काही ठिकाणी तर वाढवलंच आहे.

आधी निर्णयाचं बघू.

१४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना आणि आउअरश्टेट इथे नेपोलियनच्या सैन्याने प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याची एका दिवसात दाणादाण उडवली. शिस्तीसाठी प्रशियाचं सैन्य युरोपभर नावाजलेलं होतं. कवायत चोख, रांगा सरळ, पण वरून हुकूम आल्याशिवाय कुणी हलायचं नाही. पराभवानंतर शार्नहोर्स्ट हा तिथला सेनानी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सैन्य नव्याने बांधायला घेतलं, आणि पुढे सेनाप्रमुख मोल्टकेच्या काळात एक पद्धत पक्की होत गेली. वरिष्ठाने काय साधायचं आणि कशासाठी ते सांगायचं. कसं साधायचं ते जागेवरच्या माणसाने ठरवायचं. आज बऱ्याच सैन्यांच्या नियमपुस्तिकांत ही पद्धत ‘मिशन कमांड’ या नावाने छापलेली आहे. छापलेली आहे असं मुद्दाम म्हणतो, कारण वापरात ती फार थोड्या ठिकाणी दिसते.

वापरात आली की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. डिसेंबर १९७१मध्ये चौथ्या कोअरचे लेफ्टनंट जनरल सगतसिंग मेघनेपाशी पोहोचले तेव्हा आशुगंजचा रेल्वे पूल शत्रूने उडवून दिला होता. समोर समुद्रासारखी नदी, हाताशी मोजकी एमआय-४ हेलिकॉप्टरं. ९ डिसेंबरला त्यांनी त्याच हेलिकॉप्टरांच्या फेऱ्या लावून सैन्य पलीकडे उतरवायला सुरुवात केली आणि ढाक्याची वाट उघडली. नदीचा पट ज्याच्या डोळ्यांसमोर होता त्या माणसाने हा निर्णय घेतला.

याच प्रसंगात आजची साधनं घालून बघा. ड्रोनचं थेट चित्र शेकडो किलोमीटर लांबच्या खोलीत दिसतंय, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाचं काही ना काही मत आहे. सरावांमध्ये मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. डिव्हिजनचा कमांडर, ज्याच्या हाताखाली दहा-बारा हजार माणसं, तो पडद्यावर दिसणाऱ्या दहा जणांच्या सेक्शनकडे टक लावून बसतो. मग रेडिओ उचलतो: “डावीकडच्या झाडीत कुणी का नाही?” त्या झाडीत गुडघाभर दलदल आहे हे सेक्शन कमांडरला ठाऊक असतं, वरून ते दिसत नाही. तो “येस सर” म्हणतो आणि दोन माणसं चिखलात पाठवतो. पुढच्या वेळी तो आपणहून काही करत नाही, थांबतो, विचारतो. आणि त्या अर्ध्या तासात डिव्हिजनच्या राखीव दलाचा, दारूगोळ्याचा, उद्या पहाटेचा विचार करायला कुणी मोकळं नसतं. असं करणारी माणसं मूर्ख नसतात, उलट बहुतेक वेळा फार कष्टाळू असतात. समोर चित्र हलत असताना हात मागे बांधून बसणं माणसाला जमत नाही, इतकंच.

ही चैन काही काळ परवडली, कारण बऱ्याच मोठ्या सैन्यांनी दोनेक दशकं अशा शत्रूंशी लढाया केल्या ज्यांच्याकडे रेडिओ संपर्क बंद पाडणारे जॅमर नव्हते आणि लांब पल्ल्याची अचूक रॉकेटं नव्हती. युक्रेनमध्ये ती संपली. रेडिओवर बोललं की ठिकाण कळतं. अँटेनांचं जंगल उभारलेलं मुख्यालय हे शत्रूसाठी आयतं निशाण. खेरसनजवळच्या चोर्नोबायिवका विमानतळावर २०२२मध्ये रशियाने तळ ठोकला आणि युक्रेनच्या तोफखान्याने तो पुन्हा पुन्हा फोडला. त्याच वर्षी पहिल्या काही महिन्यांत रशियाचे अनेक जनरल आघाडीवर मारले गेले. इतक्या वरच्या हुद्द्याची माणसं तिथे होतीच कशाला? बऱ्याच जाणकारांचं उत्तर असं की अडलेले ताफे हलवायला ती स्वतः पुढे गेली, कारण स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेणारी मधली फळी त्या सैन्यात कधी तयारच झाली नव्हती. आपल्याकडचे सुभेदार-हवालदार, इतरांकडचे सार्जंट, ही फळी किती मोलाची असते ते तिच्यावाचून लढताना कळतं.

नववर्षाच्या रात्री, १ जानेवारी २०२३ला, युक्रेनच्या रशियाव्याप्त भागातल्या मकीयिवका इथे रशियन जवान राहत असलेल्या इमारतीवर रॉकेटं पडली. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने स्वतः ८९ मृत मान्य केले आणि कारण दिलं की बंदी असूनही जवानांनी मोबाईल वापरले. त्यावर खुद्द रशियातूनच प्रश्न आले: इतकी माणसं एका इमारतीत, दारूगोळ्याच्या शेजारी ठेवली कुणी? मोबाईल वापरला असेलही. पण नव्या भरतीतला पोरगा नववर्षाच्या रात्री घरी फोन करणार, हे ज्या कंपनी कमांडरला आधी सुचत नाही त्याला मी आपल्या पलटणीत घेणार नाही.

तेव्हा नेतृत्वाचं महत्त्व उरलं का, याचं उत्तर या बाजूने तरी सोपं आहे. संपर्क तुटणार हे धरूनच चालावं लागणार असेल, तर तुटल्यावर खालचा लेफ्टनंट काय करेल हे त्याला आधी किती मोकळीक दिली होती यावरून ठरतं. ती मोकळीक युद्धाच्या दिवशी वाटता येत नाही. शांततेच्या काळात ज्याला सुट्टीच्या अर्जावरसुद्धा स्वतः सही करायची मुभा नव्हती, तो गोळीबारात अचानक स्वतंत्र बुद्धीचा होत नाही.

आता दुसरी गोष्ट, खरी बातमी. माझ्या मते ही जास्त गंभीर आहे आणि हिच्याबद्दल बोललं मात्र कमी जातं.

१ ऑक्टोबर १९७३. इस्रायलच्या दक्षिण विभागाच्या गुप्तवार्ता शाखेतला बेंजामिन सिमान-तोव्ह नावाचा लेफ्टनंट एक टिपण लिहितो: सुएझपलीकडे इजिप्तचा जो सराव चालू आहे असं सगळे म्हणतात, तो प्रत्यक्षात युद्धाच्या तयारीवर घातलेला पडदा असू शकतो. दोन दिवसांनी तो पुन्हा लिहितो. वरिष्ठ ते टिपण पुढे पाठवत नाही, कारण वरचं ठाम मत असं की इजिप्त इतक्यात लढणार नाही. ६ ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं. नंतर आग्रनात आयोगाच्या चौकशीत हे टिपण उजेडात आलं आणि लष्करी गुप्तवार्ता प्रमुख एली झैरा यांना पद सोडावं लागलं.

त्यानंतर त्या सैन्याने मत तपासणाऱ्या शाखा उघडल्या आणि उलट बाजू मांडणारी माणसं मुद्दाम नेमली. तरीही बरोबर पन्नास वर्षं आणि एक दिवस उलटल्यावर, ७ ऑक्टोबर २०२३ला, हमासने हल्ला केला तेव्हा तेच घडलं. गाझाच्या कुंपणावरचे कॅमेरे बघणाऱ्या तरुण महिला सैनिकांनी पलीकडच्या संशयास्पद सरावांबद्दल महिनोन्‌महिने कळवलं होतं. त्यांचं म्हणणं गांभीर्याने घेतलं गेलं नाही. नाहाल ओझच्या तळावरच्या त्यातल्या अनेक जणी त्या दिवशी मारल्या गेल्या किंवा ओलीस नेल्या गेल्या. कॅमेरे उत्तम होते, कुंपण महागडं होतं, जगातल्या अव्वल गुप्तहेर यंत्रणांत ज्यांची गणना होते ते लोक होते. पण बातमी देणारी एकोणीस-वीस वर्षांची होती आणि ऐकणारा कर्नल होता.

हे एका देशापुरतं समजू नका. २०१७मध्ये अमेरिकेच्या सातव्या आरमाराच्या दोन विनाशिका दोन महिन्यांच्या अंतराने व्यापारी जहाजांना धडकल्या. जूनमध्ये फिट्झजेराल्डवर ७ आणि ऑगस्टमध्ये जॉन एस. मॅकेनवर १० नौसैनिक गेले. त्या वेळी जपानस्थित क्रूझर आणि विनाशिकांची ३७ टक्के प्रशिक्षण प्रमाणपत्रं मुदत संपलेली होती, असं अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिलं. माणसं कमी, झोप कमी, मोहिमा जास्त. तरी प्रत्येक पातळीवरून वर जाणारं उत्तर एकच: “जमवतो.”

मॅकेनचा तपशील जरा जवळून बघण्यासारखा आहे. गर्दीच्या सामुद्रधुनीजवळ सुकाणूवरच्या नौसैनिकाला वेग आणि दिशा दोन्ही सांभाळणं जड जातंय असं वाटून कॅप्टनने वेगाचं नियंत्रण शेजारच्या कन्सोलवर द्यायला सांगितलं. टचस्क्रीनवर ते करताना सुकाणूही तिकडे गेलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. सुकाणू निकामी झालं, असा समज झाला. मग वेग कमी करताना दोनपैकी एकाच बाजूचा जहाज ढकलणारा पंखा मंदावला आणि जहाज तेलवाहू जहाजाच्या वाटेत वळलं. जहाज चालवण्याच्या कक्षातले काही जण दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आलेले, त्यांना ही यंत्रणा नीट शिकवलेलीच नव्हती. पुढे २०१९मध्ये त्या नौदलाने टचस्क्रीनऐवजी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवायचं ठरवलं. त्या निर्णयाचं मला कौतुक वाटतं. महागडं नवं साधन मागे घेणं कुठल्याही सैन्यात सोपं नसतं. खरेदीच्या फायलीवर कुणाची तरी सही असते.

‘जमवतो’ कुठून येतं? २०१५मध्ये अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजच्या दोन प्राध्यापकांनी, लिओनर्ड वाँग आणि स्टीफन गेरस यांनी, आपल्याच सैन्यातल्या खोटेपणावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २००२च्या एका आधीच्या अभ्यासातून घेतलेला एक आकडा होता, तो मी दर वर्गात सांगायचो. कंपनी कमांडरला वर्षात प्रशिक्षणासाठी २५६ दिवस मिळत होते आणि वरून आलेली सक्तीची प्रशिक्षणं पुरी करायला २९७ दिवस लागत होते. अशा वेळी कमांडर काय करतो? सगळ्या रकान्यांत खूण करतो. वर्गात हा आकडा ऐकून हशा पिकायचा आणि त्या हशातच कळायचं की सगळ्यांनी त्या खुणा केलेल्या आहेत. छोट्या कागदावर खोटं लिहायची सवय लागलेला अधिकारी मोठ्या कागदावर खरं लिहील, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? आणि त्या कागदांवरून सेनाप्रमुख आपल्या मंत्र्याला सांगतो की सैन्य सज्ज आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल विचारलंय, ते इथेच जोडून घेतो. लोकांना वाटतं, यंत्र खरी बातमी थेट वर देईल, मधली भीती आणि खुशामत गळून पडेल. दोन जुने प्रसंग बघा.

२६ सप्टेंबर १९८३च्या मध्यरात्रीनंतर सोव्हिएत पूर्वसूचना केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह ड्युटीवर होता. यंत्रणा म्हणाली, अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलं. मग आणखी चार. पेत्रोव्हने विचार केला की अणुयुद्ध सुरू करणारा पाच क्षेपणास्त्रांनी कशाला सुरू करेल? शिवाय जमिनीवरच्या रडारला काही दिसत नव्हतं. त्याने खोटा इशारा म्हणून कळवलं. खरोखरच उपग्रहाला उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने फसवलं होतं.

३ जुलै १९८८ला होर्मुझच्या सामुद्रधुनीत व्हिन्सेन्स या अमेरिकी क्रूझरने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं आणि २९० माणसं मेली. जहाजावरची एजिस यंत्रणा त्या काळची सर्वांत प्रगत, आणि तिच्या नोंदींनुसार विमान वर चढत होतं. पण नियंत्रण कक्षातून कॅप्टनला ओरडून सांगितलं जात होतं की ते खाली, आपल्याकडे झेपावतंय. थोड्याच वेळापूर्वी इराणी गनबोटींशी चकमक सुरू झालेली. ताणाखाली माणसांनी पडद्यावर तेच वाचलं ज्याची त्यांना भीती होती.

पहिल्यात यंत्र चुकलं आणि माणसाने सावरलं; दुसऱ्यात यंत्र बरोबर होतं आणि माणूस चुकला. म्हणून ‘शेवटचा निर्णय माणसाचा’ एवढं धोरण लिहून कुणाची सुटका होत नाही. प्रश्न असा की त्या माणसाला किती सेकंद मिळतात, दुसऱ्या मार्गाने पडताळायची सोय आहे का, आणि “मला हे पटत नाही” म्हटल्यावर त्याचं काय होतं. मार्च २००३मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणेने मित्रदेश ब्रिटनचंच टोर्नेडो विमान पाडलं आणि त्यातले दोघेही गेले. पडद्यावर ते शत्रूचं क्षेपणास्त्र म्हणून दिसत होतं आणि ठरवायला हातात फार थोडा वेळ होता. उद्याच्या यंत्रणा याहून जलद असतील. त्यामुळे यंत्रावर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही, हे शिकवणं आता कमांडरचं काम झालंय, आणि त्यासाठी त्याला यंत्राच्या आत काय चालतं ते निदान ढोबळ कळायला हवं. “ते टेक्निकल लोक बघतील” म्हणणाऱ्या वरिष्ठांचे दिवस भरले आहेत, अशी माझी तरी आशा आहे.

बाकीची आव्हानं थोडक्यात. दारूगोळा: युक्रेन युद्धाने दाखवलं की श्रीमंत देशांकडेही तोफगोळे पुरत नाहीत, युरोपीय संघाने मार्च २०२४पर्यंत दहा लाख गोळे द्यायचं जाहीर केलं आणि मुदतीत जेमतेम निम्मे दिले. स्वस्त विरुद्ध महाग: काही शे डॉलरचं एफपीव्ही, म्हणजे त्याच्याच कॅमेऱ्यातून बघत उडवायचं, ड्रोन लाखो डॉलरचा रणगाडा निकामी करतं, आणि तांबड्या समुद्रात येमेनच्या हूती बंडखोरांची स्वस्त ड्रोन पाडायला युद्धनौकांना कितीतरी महागडी क्षेपणास्त्रं उडवावी लागली. तिन्ही दलांचं एकत्र काम: १९८०मध्ये इराणच्या वाळवंटात ओलिसांच्या सुटकेची मोहीम फसली, ८ अमेरिकी सैनिक गेले, तेव्हा कुठे अमेरिकेत दलांना एकत्र आणणारा १९८६चा कायदा झाला, आपल्याकडे कारगिलनंतर सुचवलेलं संरक्षण दल प्रमुखांचं पद २०२०मध्ये प्रत्यक्षात आलं. एकीकरणाला सगळ्यांचा पाठिंबा असतो, आपली एक जागा कमी होईपर्यंत.

माणसांचा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. २०२२च्या आर्थिक वर्षात अमेरिकी भूदलाला ६०,००० जणांची भरती करायची होती, १५,००० कमी पडले. स्वीडनने २०१०मध्ये थांबवलेली सक्तीची भरती २०१७मध्ये पुन्हा आणली. आणि जे भरती होतात त्यांचं काय? अमेरिकेत २०२१मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की ९/११ नंतरच्या युद्धांत सेवा केलेल्या सुमारे ३०,००० सैनिक-माजी सैनिकांनी आत्महत्या केली. त्याच युद्धांतल्या मोहिमांमध्ये मेलेले सुमारे ७,०००. ‘मन खंबीर ठेवा’ या भाषणाने हे हाताळता येत नाही. जवान आजारी आहे हे कळायलाही खालून खरी बातमी वर यावी लागते, आणि “मला झोप लागत नाही” म्हटलं की बढती अडते अशी समजूत असेल तोवर ती येणार नाही.

इथे मला दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या आर्मीचे ब्रिटिश जनरल स्लिम आठवतात. १९४३मध्ये त्यांच्याकडे एका जखमीमागे १२० आजारी माणसं मागे न्यावी लागत होती, त्यांत मलेरिया मुख्य. मलेरिया रोखणारी मेपाक्रिनची गोळी होती, जवान ती घेत नव्हते. स्लिमनी अचानक तपासण्या लावल्या. ९५ टक्क्यांहून कमी जवानांनी गोळी घेतलेली आढळली की त्या पलटणीचा कमांडिंग ऑफिसर घरी. तिघांना काढावं लागलं, मग बाकीच्यांना समजलं. गोळी जवानाने गिळायची असली तरी जाब कर्नलला विचारला गेला.

शेवटी तयारीबद्दल. तंत्र शिकाच. ड्रोन स्वतः उडवून बघा, जॅमिंग म्हणजे काय ते रेडिओवर स्वतः अनुभवा. पण पहिल्या नेमणुकीत आणखी काही गोष्टी करा. हुकूम देऊन झाला की “समजलं?” विचारू नका, त्याला कुणी नाही म्हणत नाही. “रेडिओ बंद पडला आणि मी मेलो, तर तू काय करशील?” असं विचारा आणि उत्तर चुकीचं आलं तर आपला हुकूम पुन्हा नीट सांगा. सरावात एक पूर्ण दिवस संपर्काशिवाय काढा आणि त्या दिवशी कनिष्ठाने जे ठरवलं त्याबद्दल दुसऱ्या दिवशी त्याला फाडून खाऊ नका. काय दिसलं म्हणून असं ठरवलंस, एवढं विचारा. सरावानंतरच्या चर्चेत सर्वांत कनिष्ठाला पहिल्यांदा बोलू द्या, कारण कर्नल बोलून झाल्यावर सगळ्यांचं मत तेच असतं. आणि जो अहवाल खरा भरता येत नाही तो तसाच रिकामा ठेवून कारणासकट वर पाठवा. बोलणी खावी लागतील. एखादा वरिष्ठ असाही भेटेल जो फोन करून विचारेल, “बरं, मग कमी काय पडतंय?” अशा माणसाच्या हाताखाली नेमणूक मागून घ्या.